रविवारी केलेली स्मूदी गुरुवारपर्यंत टिकेल का?

पुण्यातल्या वारज्यात राहणाऱ्या आणि रोज सकाळी ७ वाजता हिंजवडीला ऑफिसला निघणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या रविवारी पाच दिवसांची स्मूदी एकदम करतात: केळं, पपई, दूध, थोडा पालक, चिया. काचेच्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवतात. मंगळवारपर्यंत रंग मातकट होतो, चव कडवट लागते आणि परवा बुधवारची बाटली उघडताना फस्स असा आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "हे शिळं झालंय, पोराला देऊ नकोस." ताईंनी विचारलंय की खरंच टाकून द्यायची का, आणि पाच दिवस टिकवायची तर त्यात काय घालायचं.

आधी तातडीचं सांगते. फस्स आवाज आलेली बाटली ओतून द्या. घोटभर चाखून बघू नका. त्या रविवारच्या आणखी बाटल्या उरल्या असतील तर त्याही ओता, कारण त्या एकाच भांड्यातून भरल्या गेल्या आहेत. फळं वाया गेल्याचं वाईट वाटेल, मला आजही वाटतं. पण सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे.

मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि गेली १३ वर्षं कर्वेनगरमध्ये एक छोटं स्वयंपाकघर चालवते. आमच्याकडून रोज सकाळी काही ऑफिसांना नाश्ता आणि फळांची पेयं जातात. "किती दिवस टिकेल?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. त्याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात: पोटाला सुरक्षित किती वेळ, चवीला चांगली किती वेळ, आणि दिसायला बरी किती वेळ. हे तिन्ही एकत्र बिघडत नाहीत. काळी पडलेली स्मूदी पोटाला अगदी ठीक असू शकते, आणि सुंदर गुलाबी दिसणारी स्मूदी आजारी पाडू शकते. तुमच्या बाटलीत तीन गोष्टी झाल्या आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेते.

रंगापासून सुरू करू. केळं कापून ठेवलं की काळं पडतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. केळ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. फळ अख्खं असतं तोवर हे विकर आणि ज्याच्यावर ते काम करतं ती द्रव्यं पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. मिक्सरचं पातं फिरलं की सगळे कप्पे फुटतात, वर हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि काळं पडायला सुरुवात होते. सफरचंद, चिकू, सीताफळ, पेरू यांचंही कमीजास्त असंच. म्हणजे स्मूदी हे फळ साठवण्याचं सगळ्यात कठीण रूप आहे. अख्खं केळं डायनिंग टेबलावर तीन दिवस राहतं, फिरवलेलं केळं तीन तासांत रंग बदलतं. त्यात तुमचा पालक आहे. पालकाचा हिरवा रंग आंबटपणाने आणि वेळेने शेवाळी होत जातो. मातकट आणि शेवाळी एकत्र आले की जो रंग दिसतो तो तुमच्या मंगळवारच्या बाटलीत दिसला. हा रंग विषारी नाही. तेवढ्यासाठी कुणी आजारी पडणार नाही.

केळ्याच्या या विकराबद्दल आणखी एक सांगण्यासारखं आहे. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी याच विषयावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. केळं घातलेली स्मूदी प्यायल्यावर लोकांच्या शरीरात पोचलेल्या फ्लॅव्हनॉल या उपयुक्त द्रव्यांचं प्रमाण, तीच द्रव्यं नुसत्या कॅप्सूलमधून घेतल्याच्या तुलनेत, ८४ टक्क्यांनी कमी आढळलं. बेरीवर्गातली फळं घातलेल्या स्मूदीत अशी घट दिसली नाही. याचा अर्थ केळं वाईट असा मुळीच नाही, केळं केळ्यासाठी खावं. पण स्ट्रॉबेरी किंवा कोको यांचा फायदा हवा म्हणून कुणी स्मूदी करत असेल, तर त्यात केळं घालू नये.

आता कडवटपणा. याचा दोष मुख्यतः पपई आणि दुधाच्या जोडीचा आहे. मटण मऊ व्हावं म्हणून आपल्याकडे कच्च्या पपईचा तुकडा घालतात ना, त्यामागे पपेन हे विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. पिकल्या पपईत ते कच्च्यापेक्षा खूप कमी असतं, पण संपलेलं नसतं. दुधात प्रथिनं भरपूर. ती तुटली की जे बारीक तुकडे होतात त्यातले काही चवीला कडू असतात. फ्रीजमध्ये हे काम मंदावतं, थांबत नाही. ताजं पपईचं मिल्कशेक पाच मिनिटांत पिऊन टाकलं तर कळतही नाही, रात्रभर ठेवलं की सकाळी जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागतं. अननसात ब्रोमेलेन आहे, किवीत ॲक्टिनिडिन, त्यांचीही हीच गोष्ट. फ्रीझरमध्ये ठेवूनही ही विकरं मरत नाहीत, ती मरतात उष्णतेने. म्हणून डब्यातला अननस दुधात चालतो आणि ताजा चालत नाही.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकले. धंद्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका ऑफिसच्या कार्यक्रमासाठी ६० बाटल्या पपई-दुधाच्या आदल्या रात्री भरून ठेवल्या. पुस्तकात पपेन शिकले होते, पण पिकल्या पपईत एवढं कुठलं, असं धरून चालले. सकाळी ६ वाजता एक बाटली उघडली, चमच्यावर घेतली. पहिली चव गोड, मग दोन सेकंदांनी कडू. ६०च्या ६० ओतल्या आणि धावत मार्केट यार्डात जाऊन मोसंबी आणली. तेव्हापासून आमच्याकडे पपई, अननस आणि किवी यांच्याबरोबर दूध, दही किंवा प्रोटीन पावडर घालून काहीही साठवलं जात नाही.

आणि आता तो आवाज. खरी काळजी त्याचीच करायला हवी. फळांच्या सालीवर नैसर्गिकपणे यीस्ट असतं. साखर मिळाली, वेळ मिळाला की ते साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बंद बाटलीत तो वायू साठतो. फस्स म्हणजे आंबवण सुरू झालं. यीस्ट स्वतः फारसं घातक नसतं, पण ते एक निरोप घेऊन येतं: या बाटलीत सूक्ष्मजीवांना वाढायला पुरेसा वेळ आणि ऊब मिळाली आहे. यीस्ट वाढलं तर दुसरंही काही वाढलं असेल. आणि आजारी पाडणारे जंतू, म्हणजे साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया, हे वास देत नाहीत, आवाज करत नाहीत, चव बदलत नाहीत. म्हणून "वास तर चांगला येतोय" या भरवशावर काही ठरवू नये. त्यातला लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. गरोदर बाई, वयस्कर माणसं, लहान मुलं आणि केमोथेरपी किंवा तत्सम उपचार चालू असलेली माणसं यांच्यासाठी माझा नियम साधा आहे: त्यांना ताजीच करून द्यायची. तुमच्या मुलालाही तेच. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या कुठल्याही पेयात मध घालू नका, हे स्मूदीच्या बाहेरचं असलं तरी सांगून ठेवते.

मग टिकणं कशावर अवलंबून असतं? माझ्या अनुभवात चार गोष्टींवर: आंबटपणा, थंडी, हवा आणि स्वच्छता.

आंबटपणा पीएचमध्ये मोजतात. आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. ४.६ ही अन्न टिकवण्याच्या शास्त्रातली महत्त्वाची रेघ आहे, तिच्या खाली बहुतेक घातक जंतूंना वाढणं जड जातं. स्ट्रॉबेरी, संत्रं, मोसंबी, अननस, आवळा हे सगळे या रेघेच्या खाली. केळं साधारण रेघेच्या आसपास किंवा वर, पपई आणि कलिंगड स्पष्टपणे वर. दूध तर साडेसहाच्या पुढे. तुमची पाककृती बघा: केळं, पपई, दूध, पालक. त्यात आंबट असं काहीच नाही. जंतूंच्या दृष्टीने ही जवळजवळ दुधाचीच बाटली आहे, वर साखर घातलेली. उलट दही घातलेली स्ट्रॉबेरीची स्मूदी मुळातच आंबट असते, ती जास्त टिकते. लिंबू पिळण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो. लिंबाने दोन कामं होतात, पीएच खाली येतो आणि काळं पडणंही मंदावतं. पण लिंबू दुधात पिळलं तर दूध फाटणार. लिंबू हवं असेल तर दुधाऐवजी पाणी, नारळपाणी किंवा दही घ्या. नारळपाणी मात्र स्वतःच लवकर आंबतं, शहाळं फोडल्यावर लगेच वापरायचं.

थंडी. फ्रीज ४ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली हवा. बहुतेकांना आपला फ्रीज किती अंशांवर चालतो ते माहीतच नसतं, कारण आतल्या चकतीवर फक्त १ ते ५ किंवा ७ आकडे असतात आणि त्यांचा अंशांशी काही संबंध नसतो. एक साधा थर्मामीटर आणा. मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या पेल्यात तो रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, खचाखच भरलेला फ्रीज ८-९ अंशांवर चालताना मी कितीतरी घरांत पाहिला आहे. आणि बाटल्या आपण ठेवतो कुठे? दारात. दार हा फ्रीजचा सगळ्यात उबदार भाग, दिवसातून पंचवीस वेळा उघडणारा. दारात सॉस आणि लोणचं ठेवा. स्मूदी मागच्या भिंतीला लागून, खालच्या फळीवर.

घरातून निघाल्यावर काय होतं, याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा: लवकर नासणारा पदार्थ फ्रीजबाहेर २ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. तुम्ही ७ला निघता, चांदणी चौकात अडकलात तर ऑफिसला पोचायला साडेआठ होतात, मग बैठक, आणि स्मूदी १० वाजता. साध्या काचेच्या ३५० मिलीलिटरच्या बाटलीत, उन्हाळ्यात, फ्रीजमधून काढलेलं पेय तासाभरातच १५ अंशांच्या आसपास जातं. त्यामुळे दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली घ्या. त्यात एक छोटी युक्ती आहे: निघण्याआधी दहा मिनिटं ती बर्फाच्या पाण्याने भरून ठेवा, मग ओतून लगेच थंड स्मूदी भरा. कोरड्या, घरच्या तापमानाच्या बाटलीत थंड पेय ओतलं तर पहिली थंडी बाटलीच खाते. तांब्याच्या किंवा पितळेच्या बाटलीत आंबट फळांचं पेय कधीही भरू नका. आंबटपणाने तांबं पेयात उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. हल्ली घरोघरी तांब्याच्या बाटल्या आल्या आहेत, त्या पाण्यासाठीच राहू द्या.

हवेचं थोडक्यात. बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरा, वर मोकळी जागा नको. अर्ध्या बाटलीतली स्मूदी पूर्ण भरलेल्या बाटलीतल्यापेक्षा लवकर काळी पडते. मिक्सर गरजेपुरताच फिरवा, कारण जास्त फिरवलं की फेस येतो आणि फेस म्हणजे आत कोंडलेली हवा. शिवाय पातं फिरून पेय गरमही होतं. थरावर थर दिसला, खाली पाणी आणि वर चोथा, तर ती खराबी नाही. हलवलं की एकजीव होतं. चिया किंवा सबजा असेल तर उलट होतं, रात्रीत ते इतकं फुगतं की चमच्याने खायची वेळ येते. ते प्यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घातलेलंच बरं.

स्वच्छतेवर मात्र मी थांबणार आहे. माझ्या अनुभवात घरगुती स्मूदी लवकर आंबण्याचं सगळ्यात मोठं कारण फळात नसतं, भांड्यात असतं.

तुमच्या बाटलीचं झाकण घ्या. आत एक पांढरी किंवा पारदर्शक सिलिकॉनची रिंग असेल. सुरीच्या बोथट टोकाने किंवा टूथपिकने ती काढा आणि तिच्या खालची खाच बघा. बहुतेक वेळा तिथे करड्या रंगाचा बुळबुळीत थर सापडतो. नाकाजवळ नेलात तर आंबूस वास येतो, जुन्या ताकाच्या भांड्यासारखा. ती बाटली तुम्ही रोज धुता, साबणाने धुता, आणि तरीही हा थर तिथे असतो, कारण रिंग न काढता धुतलेलं झाकण धुतलेलं नसतंच. रविवारी त्या झाकणाने बंद केलेली बाटली म्हणजे विरजण लावून ठेवलेली बाटली. आता मिक्सरचं भांडं उलटं करा. पातं जिथे भांड्याच्या तळाला बसतं तिथला वॉशर, आणि झाकणाच्या आतलं रबर. दोन्हीकडे बोट फिरवून बघा. आमच्याकडे रोज संध्याकाळी या सगळ्या रिंगा आणि वॉशर एका वाडग्यात काढले जातात, गरम साबणाच्या पाण्यात बुडवले जातात, ब्रशने घासले जातात आणि रात्रभर कोरड्या फडक्यावर उघडे वाळतात. भांड्यात ओलं झाकण बंद करून ठेवायचं नाही. एवढं एक काम नियमाने केलंत तर फस्स आवाजाच्या निम्म्या तक्रारी संपतील, असं मी अनुभवाने सांगते.

फळ धुताना सालीचं फळसुद्धा धुवा. पपई, कलिंगड, आंबा सोलणारच आहोत म्हणून न धुता कापतो, तेव्हा सुरी सालीवरची माती आणि जंतू गरात घेऊन जाते. वाहत्या पाण्याखाली हाताने किंवा मऊ ब्रशने चोळून धुणं पुरतं. पाणी मात्र पिण्याचं. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की टाकीतलं, टँकरचं, जे मिळेल ते वापरलं जातं. त्या दिवशी फळं फिल्टरच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले होते ते आठवत असेल. तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला आणि दूषित पाण्याचा संशय पुढे आला. मला इथे बर्फाबद्दल बोलायचं आहे. पाणी उकळून पिणाऱ्या घरातही बर्फाचा ट्रे सरळ नळाखाली धरून भरला जातो. गोठल्याने जंतू भरवशाने मरत नाहीत, बरेचसे झोपून राहतात आणि पेयात वितळले की जागे होतात. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचाच करा. बाहेरून आणलेला बर्फ स्मूदीत नकोच.

इथवरचं एकत्र करून माझ्याकडच्या मर्यादा सांगते. फ्रीज खरोखर ४ अंशांवर आहे आणि भांडी स्वच्छ आहेत, असं धरून. दूध आणि केळं किंवा आंबा: रात्री केली तर सकाळी, फार तर २४ तास. पालक किंवा कोणतीही कच्ची पालेभाजी असेल तरी २४ तासच. दही आणि आंबट फळं (अननस, किवी सोडून), किंवा दुधाशिवाय लिंबू पिळलेली फळं: ४८ तास. कलिंगड आणि खरबूज: साठवायचंच नाही, करा आणि प्या. घरगुती स्मूदीला पाच दिवस मी कुठल्याच पाककृतीत देत नाही. दुकानातल्या बाटलीवर महिन्यांची तारीख असते कारण ती उष्णतेने किंवा प्रचंड दाबाने प्रक्रिया केलेली असते, आणि ते घरच्या ओट्यावर होत नाही. घरी गरम करून टिकवावी म्हटलं तर चव जाते. सीताफळाचा गर तर गरम केला की चक्क कडू होतो.

म्हणून तुमच्या "काय घालायचं" या प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे. काहीही घालू नका. तुम्हाला खरं तर पाच दिवसांची स्मूदी नको आहे, सकाळची वीस मिनिटं हवी आहेत. सोलणं, कापणं, धुणं, मोजणं, यात वेळ जातो. मिक्सर फिरायला एक मिनिट लागतं. तेव्हा साठवायची ती तयारी साठवा, आणि फिरवा रोज सकाळी.

आमच्याकडे हे असं चालतं. पूर्ण पिकलेली, ठिपके पडलेली केळी सोलून बोटभर जाडीच्या चकत्या करायच्या. स्टीलच्या ताटावर एकमेकींना न चिकटता पसरून २-३ तास फ्रीझरमध्ये ठेवायच्या. दगडासारख्या झाल्या की पिशवीत भरायच्या. आधी सुट्या गोठवल्या नाहीत तर एकच मोठा गठ्ठा होतो आणि सकाळी बत्त्याने फोडावा लागतो. पालक निवडून धुवून उकळत्या पाण्यात अर्धं ते एक मिनिट, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, पिळून, थोड्या पाण्याबरोबर वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये. उकळत्या पाण्याने विकरं थांबतात, रंग हिरवा राहतो आणि जंतूही कमी होतात. एका स्मूदीला दोन तुकडे पुरतात. मग छोट्या पिशव्यांत एकेका दिवसाचं भरायचं: केळ्याच्या मूठभर चकत्या, पालकाचे दोन तुकडे, एखादा बिया काढलेला खजूर, हवे तर भिजवून सोललेले ४-५ बदाम. हवा दाबून काढायची, बंद करायचं, तारीख लिहायची. तारीख न लिहिलेली पिशवी फ्रीझरमध्ये कायमची हरवते.

याच पद्धतीने हंगामही धरता येतो. डिसेंबर ते मार्चमध्ये महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, तेव्हा स्वस्त झालेले खोके घ्यायचे, धुवून पूर्ण कोरडी करून, देठ काढून, अशीच ताटावर गोठवायची. मे महिन्यात हापूसचा रस काढून ट्रेमध्ये. आमटीच्या वाटीएवढे तुकडे सोयीचे पडतात.

फ्रीझर कोणता आहे यावर किती दिवस ते ठरतं. दोन दारांच्या फ्रीजचा वेगळा फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जातो, तिथे २-३ महिने चव चांगली राहते. एकाच दाराच्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा बहुतेकदा तेवढा थंड होत नाही, तिथे मी दोन आठवड्यांपलीकडे ठेवत नाही. वीज चार-पाच तास गेली तर दार उघडून बघत बसू नका. बंद दारात थंडी टिकते. पिशवीतला माल अजून कडक असेल, बर्फाचे कण दिसत असतील तर चालेल. मऊ पडून पाणी सुटलं असेल तर पुन्हा गोठवू नका, थंड आहे तोवर त्याच दिवशी वापरून टाका, आणि हाताला कोमट लागत असेल तर फेकून द्या.

तयार स्मूदीच गोठवायची असेल तर तीही गोठते, पण बाटली काठोकाठ भरू नका. हे वरच्या सल्ल्याच्या उलट वाटेल, पण गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. वर इंचभर जागा नसेल तर काच फुटते, आणि निमुळत्या गळ्याची बाटली खांद्याला तडकते. सरळ भिंतीची बरणी किंवा गोठवायला चालणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या. वितळवायची ती आदल्या रात्री फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही.

आपल्या घरच्या मिक्सरबद्दलही एक सूचना. तो चटणी आणि वाटणासाठी बनलेला आहे. गोठलेली फळं सरळ टाकून सुरू केला तर पातं अडकतं, मोटर तापते, जळका वास येतो. पिशवी पाच-सात मिनिटं बाहेर ठेवा. भांड्यात आधी दूध किंवा दही, मग फळं. आधी थांबून थांबून तीन-चार झटके द्या, मग सलग फिरवा. बर्फ वेगळा लागतच नाही, गोठलेलं फळच बर्फाचं काम करतं, आणि स्मूदी इतकी थंड निघते की स्टीलच्या बाटलीत १० वाजेपर्यंत छान राहते.

तुमच्या पाककृतीला हे लावायचं तर या रविवारी पाच पिशव्या करा, केळं आणि पालकाच्या. दूध पिशवीतलं पाश्चराइज्ड, सकाळी फ्रीजमधून काढून २०० मिलीलिटर. चिया एक चमचा वेगळी सोबत न्या, ऑफिसमध्ये प्यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाटलीत घालायची. मुलाची वेगळी, त्याच भांड्यातून, पण फिरवल्याबरोबर पेल्यात. सासूबाईंनाही समोर फिरवून द्या, त्यांचा आक्षेप शिळ्याला आहे, स्मूदीला नाही. बाटल्यांच्या रिंगा आजच काढून घासा. पपई त्या पिशव्यांत घालू नका. ती कापून डब्यात ठेवा आणि संध्याकाळी घरी आल्यावर लिंबू पिळून, चिमूटभर मीठ टाकून खा.